ऑडिओ बायबलचा छोटा स्पीकर: मशीन साधंच आहे, पण घ्याच

जय ख्रिस्त सगळ्यांना. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत, वाचता येत नाही किंवा डोळ्याला दिसत नाही अशी, आणि त्याहून जास्त म्हणजे ज्यांना चांगलं वाचता येतं पण बायबल सलग असं कधी वाचलंच नाही, त्या सगळ्यांनी हा स्पीकर घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. कमी-जास्त काय ते पुढं सांगतो.

तळहातात मावेल एवढा डबा आहे, आत मेमरी कार्ड, कार्डात पूर्ण मराठी बायबल, जुना करार नवा करार मिळून ६६ पुस्तकं. मोबाईलच्याच चार्जरवर चार्ज होतो. कन्व्हेन्शनच्या, म्हणजे आपल्या ख्रिस्ती मेळाव्याच्या, स्टॉलवर साडेसातशेला मिळाला. आमच्याकडं लाईटीचा काही भरवसा नाही, तरी एकदा फुल चार्ज केला की दिवसभर चालतो, आवाज मोकळ्या रानात पण ऐकू येतो. आई कापूस वेचायला जाताना नेते, बांधावरच्या बोरीला अडकवून ठेवते आणि पात पुढं सरकली की उचलून पुढच्या झाडाला.

आता मुद्द्याचं. आपल्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, बायबलातली वचनं निवडून घ्यायची सवय लई आहे. एक जानेवारीच्या उपासनेत वचनाचं कार्ड काढायचं, "भिऊ नको, मी तुझ्याबरोबर आहे" आलं की फ्रीजवर चिकटवायचं, स्टेटसला लावायचं, वर्षभर तेवढ्यावर. वचन खरंच आहे, देव खराच बरोबर असतो, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण "आपल्या सर्वस्वाचा त्याग केल्याशिवाय माझा शिष्य होता येत नाही" हे कार्ड कुणाला निघालेलं मी तरी बघितलं नाही, ते कुणी छापतच नसावं. पुस्तक हातात असलं की बोट आपोआप आवडत्या पानावर जातं. स्पीकर तसं करू देत नाही, लूकचं शुभवर्तमान लावलं की चोवीसच्या चोवीस अध्याय येणार, उधळ्या पुत्र पण येणार आणि त्याच्या आधीच्या अध्यायात बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशोब कर म्हणणारा प्रभू येशू पण येणार. ह्या एका गोष्टीसाठी मी ह्या मशीनला पैकीच्या पैकी मार्क देतो. देव अर्धं मन मागतच नाही, जुन्या करारातल्या अनुवाद ह्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात संपूर्ण मन, संपूर्ण जीव, संपूर्ण शक्ती मागितलीय आणि मार्कच्या शुभवर्तमानात बाराव्या अध्यायात प्रभूनं त्यात बुद्धी पण धरली. मग त्याचं म्हणणं तरी आपण अर्धंमुर्धं ऐकून कसं चालेल?

लूक नववा अध्याय रानात ऐकायची गोष्टच वेगळी. शेवटी तीन माणसं येतात. एक म्हणतो तू जाशील तिथं येतो, दुसरा म्हणतो आधी बापाला माती देऊन येतो, तिसरा म्हणतो घरच्यांचा निरोप घेऊन येतो, आणि मग प्रभूचं ते नांगराला हात घालून मागं बघणाऱ्याचं वाक्य. ज्यानं तिफण धरलीय त्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. एक डाव मान मागं वळली की तास, म्हणजे पेरणीची ओळ, वाकडा जातो, आणि तास वाकडा गेला की ते पेरणीपुरतं राहत नाही, पुढं प्रत्येक कोळपणीला त्या जागी पीक कापलं जातं. मागं बघणारा माणूस काही नांगर टाकून पळालेला नसतो, रानातच असतो, हात पण नांगरावरच असतो, फक्त नजर दुसरीकडं. रविवारी बाकावर बसून आपलं नेमकं हेच चालू असतंय, म्हणून ते वाक्य एवढं लागतं.

दुसरी गोष्ट, वाचताना डोळा जे सोडून देतो ते कान सोडत नाही. यहोशवाच्या पुस्तकाचा चौदावा अध्याय ऐका. इस्राएलातला म्हातारा योद्धा कालेब पंच्याऐंशी वर्षांचा झालाय आणि डोंगराळ मुलूख मागायलाय, जिथं अनाकी धिप्पाड माणसं आणि तटबंदीची शहरं आहेत तोच. सपाट सोपी जमीन मागितली असती तर कुणी नाही म्हणलं नसतं. आणि त्या छोट्या अध्यायात तो देवाला पूर्णपणे अनुसरला हे तीनदा येतं, तीनदा! नंतर दुसऱ्या इतिहासात पंचविसाव्यात अमस्या राजा येतो, त्याच्याबद्दल सुरुवातीलाच एक ओळ, देवाच्या दृष्टीनं योग्य ते केलं पण पूर्ण मनानं नाही. काम बरोबर असून मन अर्धं, आणि तेवढं पण देवानं लिहून ठेवलं. ह्या दोघांना पाठोपाठ ऐकून झोपायला गेलं तर झोप लवकर लागत नाही, हे अनुभवानं सांगतो.

आईच्या सोबत वेचणीला येणाऱ्या बायका काही ख्रिस्ती नाहीत, पण ऐकतात. मार्कमधली दानपेटीजवळची विधवा आली, प्रभू येशूच्या समोर दोन टोल्या, म्हणजे अगदी बारीक नाणी, टाकल्या, ती तिची सगळी उपजीविका होती. तर एक मावशी पात सोडून आईला म्हणल्या, "मग तिनं रातच्याला खाल्लं काय?" आई म्हणली, "ते लिहिलेलं नाही बाई. त्यो समोर बसून बघत व्हता एवढं लिहिलंय." मी कितीतरी संदेश ऐकले ह्या भागावर, बहुतेक दानाच्या रविवारीच असतात, पण हा प्रश्न कुणी विचारलेला ऐकला नाही.

आम्हा जालन्याकडच्या लोकांना ह्या सगळ्याची किंमत काय असते हे खरं तर माहीत पाहिजे. नारायण शेषाद्रींनी १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, ब्राह्मण घरातले, तेव्हा केवढा गदारोळ झाला, धाकट्या भावाला तर कोर्टानं परत घरच्यांच्या ताब्यात दिलं. त्याच माणसानं पुढं जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं, गोरगरिबांसाठी. लूक चौदाव्यात, माझा शिष्य व्हायचं तर आईबाप, भाऊबहीण ह्यांच्यापेक्षा मी आधी, अशी प्रभूची यादी आली की मला नारायण शेषाद्री आठवतात.

आता ह्या मशीनमध्ये कमी काय काय. अध्याय शोधायची सोय जवळजवळ नाहीच, बटण दाबत दाबत जावं लागतं, आणि दोन्ही करारांचे मिळून ११८९ अध्याय आहेत म्हणल्यावर विचार करा. शफलचं बटण नको तिथं दिलंय, चुकून दाबलं गेलं की सुरुवातीच्या लेवीयवरून एकदम शेवटचं प्रकटीकरण. मागचं म्युझिक काही ठिकाणी एवढं मोठं आहे की स्तोत्रातले शब्द दबतात, भक्तिभाव वाढवायला केलं असेल पण उलटंच होतं. वाचणाऱ्याचा आवाज मात्र चांगला, घाई नाही, नाटकीपणा नाही.

घ्यायचा असेल तर स्टॉलवरच चालू करून बघा, कार्ड पूर्ण भरलंय का ते तपासा, आमच्या ओळखीत एकाला फक्त नवा करार असलेलं कार्ड आलं होतं. आणि टेस्ट करायला तेविसावं स्तोत्र लावू नका, ते सगळीकडं बरोबर वाजतं. लूक चौदावा लावा आणि शेवटपर्यंत ऐका.