जेडमॅच : दूरचे नातेवाईक शोधताना बेरीज नको, लांबी बघा

२०१८ मध्ये कॅलिफोर्नियातला ‘गोल्डन स्टेट किलर’ दूरच्या नातेवाइकांच्या डीएनएवरून सापडला, तेव्हापासून डीएनए ताडून नातेवाईक शोधून देणारी जेडमॅच (GEDmatch) ही साइट सगळ्यांना माहीत झाली. डीएनए चाचणी कंपनीकडून रॉ डेटाची (तुमच्या डीएनएच्या कच्च्या नोंदींची) फाइल घ्या, इथे अपलोड करा. मूळ सुविधा फुकट. ‘वन-टू-वन’मध्ये, म्हणजे दोन व्यक्तींच्या थेट तुलनेत, प्रत्येक गुणसूत्रावरचे सामायिक तुकडे सुरुवात-शेवटासकट दिसतात. याला तोड नाही!

सख्ख्या चुलत-मावस भावंडांत सगळे तुकडे मिळून सरासरी ८५० सेंटीमॉर्गनच्या (डीएनएच्या तुकड्याची लांबी मोजायचं एकक) आसपास जुळतात, पणजोबा एक असतील तर साधारण २३०. तुकड्याची किमान मर्यादा ७ च्या खाली आणू नका. त्याहून छोटे तुकडे बरेचदा निव्वळ योगायोगाने जुळतात.

आपल्याकडे खरी मेख वेगळीच. पिढ्यान्‌पिढ्या पोटजातीतच लग्नं, काही घरांत मामेबहिणीशी. मग बारीक तुकडे चहूबाजूंनी येऊन बेरीज फुगते आणि लांबचा भाऊबंद जवळचा भासतो. बेरीज ९० पण सर्वांत लांब तुकडा जेमतेम ११ असेल, तर नातं बहुधा बरंच जुनं.

भारतीय प्रोफाइल कमीच, त्यामुळे गिरगाव-दादरच्या घरांना कुलवृत्तांत हाताशी हवाच. आणि संमतीचं पान नीट वाचा : पोलीस शोधाला नकार दिला तरी अनोळखी मृतदेहांच्या ओळखीसाठी तुमची फाइल ताडून पाहिली जाऊ शकते.