डबल लेयरचे पैसे, साधी डिस्क आणि चार तासांचं लग्न

लग्नाच्या, मुंजीच्या, डोहाळजेवणाच्या मिनी डीव्ही कॅसेट ज्यांच्या कपाटात अजून पडून आहेत आणि ज्यांना त्या आता डीव्हीडीवर करून घ्यायच्या आहेत, त्यांनी दुकानाची पायरी चढण्याआधी हे वाचावं.

आमच्या कॅसेट चार. २००७ सालचं धाकट्या दिराचं लग्न, सीमांतपूजनापासून वरातीपर्यंत, नणंदेच्या यजमानांनी स्वतःच्या हँडीकॅमवर घेतलेलं. सगळं मिळून तीन तास पन्नास मिनिटं. पेन ड्राइव्हवर घेऊन मोकळं होता आलं असतं, पण सासूबाईंना फोल्डर आणि फाइली नकोत. प्लेअरमध्ये डिस्क सारली की लग्न सुरू झालं पाहिजे. म्हणून डीव्हीडी.

सांगलीतल्या एका फोटो स्टुडिओवाल्याने कॅसेट हातात घेऊन अगदी योग्य सल्ला दिला. "ताई, साध्या डिस्कवर चार तास कोंबले तर क्वालिटी मार खाते. डबल लेयर घ्या. दोन डिस्क, प्रत्येकीवर दोन तास. एक नंबर काम होईल." त्याचं म्हणणं खरंच होतं. साधी डीव्हीडी ४.७ जीबीची, डबल लेयर ८.५ ची. डिस्कमागे साडेचारशे, कॅप्चरिंगचे, म्हणजे कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेण्याचे, वेगळे. मी बिल मागितलं, त्याने लिहून दिलं : 'कॅप्चरिंग ४ कॅसेट, डीव्हीडी डीएल २ नग.' डीएल म्हणजे डबल लेयर.

डिस्क आल्या त्या दिसायला झोकात. वर नवरानवरीचा फोटो छापलेला, चकचकीत कव्हर. फोटोमुळे डिस्क कोणत्या कंपनीची, किती जीबीची, काही म्हणजे काही दिसत नव्हतं. तेव्हा हे मला सजावट वाटलं.

टीव्हीवर लावलं. गुरुजी बसून मंत्र म्हणतायत तोवर चित्र बरं, जरा मेणचट. मंगलाष्टकं संपून 'शुभमंगल सावधान' झालं, अक्षता उडाल्या आणि पडद्यावर नुसते चौकोन. नवरीचा चेहरा चौकोनांत, शालूचे काठ चौकोनांत, मागचे मामा तर ओळखूच येईनात. वरातीत बँडवाले नाचायला लागले की तीच गत. दुसरी डिस्क लावली तर तिच्यातही सीमांतपूजनच! दोन्ही डिस्क हुबेहूब एक. अख्खं लग्न एकाच डिस्कवर बसवलेलं आणि दुसरी तिची कॉपी.

फोन केला. उत्तरं तयारच होती. कॅसेट जुन्या आहेत, बुरशी धरली असेल. टीव्ही मोठा आहे, त्यावर जुनं शूटिंग फाटतंच. आणि दुसरी डिस्क? "अहो ताई, ती तुम्हाला कॉपी दिली, एखादी खराब झाली तर असावी म्हणून." वर उपकार!

बुरशीचं कारण ऐकून पुष्कळ लोक गप्प बसत असतील, कारण खराब कॅसेटमध्येही चौकोन येतात. फरक ओळखायची खूण आहे. टेप खराब असेल तर चित्र कुठेही तुटतं, माणूस पुतळ्यासारखा उभा असला तरी. डिस्कवर जागा अपुरी पडली असेल तर ते हालचाल वाढली की तुटतं आणि शांत प्रसंगात सावरतं. एमपेग-२ ही डीव्हीडीची चित्र दाबून साठवायची पद्धत मागच्या चित्रात काय बदललं एवढंच शक्यतो साठवतं. शेकडो अक्षता उडाल्या की सगळंच बदलतं आणि वाट्याला आलेले बिट, म्हणजे माहितीचे कण, पुरत नाहीत. आमचं चित्र नेमकं अक्षतांना आणि बँडला फुटत होतं. शिवाय नणंदेच्या यजमानांचा हँडीकॅम अजून चालतो. तो वायरने त्याच टीव्हीला जोडून तीच कॅसेट लावली, तर चित्र स्वच्छ.

मग भाच्याने डिस्क कॉम्प्युटरला लावली. साइज ४.३६ जीबी. साध्या ४.७ च्या डिस्कमध्ये एवढंच मावतं (कंपन्या हजाराने मोजतात, कॉम्प्युटर १०२४ ने, म्हणून आकडा उतरतो). इमगबर्न या फुकट सॉफ्टवेअरमध्ये डिस्कचा प्रकार वाचता येतो. तिथे स्वच्छ 'डीव्हीडी-आर' आलं, 'डीएल'चा पत्ता नाही. ही कोरी डिस्क बाजारात वीस-पंचवीस रुपयांना मिळते.

पुढचं गणित आम्ही वहीवर केलं, तुम्हीही करू शकता. ४.७ जीबी म्हणजे ४७० कोटी बाइट, आठने गुणले की ३,७६० कोटी बिट. आमचं लग्न १३,८०० सेकंदांचं. भागाकार केला की सेकंदाला साधारण २७ लाख बिट येतात. डीव्हीडीत नुसत्या चित्रालाच सेकंदाला ९८ लाखांपर्यंत देता येतात आणि मूळ कॅसेटवर ते अडीच कोटी असतात. त्यातही कळस म्हणजे आवाज. फाइलची माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये बघितलं तर आवाज पीसीएम, म्हणजे जराही न दाबलेला. तो एकटाच सेकंदाला १५ लाखांवर बिट खातो. चित्राला उरले पावणेबारा लाखांच्या आसपास, म्हणजे डीव्हीडीच्या आधीच्या जुन्या व्हीसीडीइतके. चित्राचं मापही डीव्हीडीचं ७२० बाय ५७६ नसून ३५२ बाय २८८, तेही व्हीसीडीचंच. डबल लेयरचे पैसे मोजून आम्ही डीव्हीडीच्या वेषातली व्हीसीडी आणली होती, आणि तिच्यात बँडच्या गोंगाटाला नवरीपेक्षा जास्त जागा होती.

लॅपटॉप घेऊन दुकानात गेलो. आधी दुकानातल्या मुलाने चूक केली म्हणाला, मग डीएल डिस्क संपल्या होत्या म्हणाला. संपल्या होत्या तर बिलावर कशा आल्या, याला उत्तर नव्हतं. डिस्कचे नऊशे परत मिळाले ते केवळ त्या 'डीएल २ नग' या अक्षरांमुळे. कॅप्चरिंगचे पैसे परत द्यायला तयार नाही, आणि कॅप्चर केलेल्या मूळ फाइली द्या म्हटलं तर "उडवल्या, हार्ड डिस्क फुल होते." राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली आहे. बघू.

कॅसेट मात्र सगळ्या परत आणल्या. "आता काय करताय त्यांचं, राहू द्या इकडे," असं तो आम्ही काम देतानाच म्हणाला होता. तुम्हाला कोणी असं म्हटलं तर तिथेच काम काढून घ्या.

तुम्ही जाल तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा : कॅमेऱ्यातून फायरवायरने (कॅमेरा कॉम्प्युटरला जोडायची डिजिटल वायर) घेणार की पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरने? फायरवायरने कॅसेटवरचं जसंच्या तसं उतरतं. पिवळ्या वायरने चित्र तिथेच एक पायरी खाली येतं. एका डिस्कवर किती मिनिटं आणि डिस्क कोणती, हे बिलावर लिहून घ्या. वर फोटो छापू नका म्हणून सांगा, नुसतं पेनने नाव टाका. डबल लेयरचा हट्टही खरं तर नको; बऱ्याच जुन्या प्लेअरना ती झेपत नाही. आम्ही शेवटी भाच्याच्या मित्राकडून दोन साध्या डिस्कवर करून घेतलं. प्रत्येकीवर एक तास पंचावन्न मिनिटं, चित्राला सेकंदाला ५० लाख बिट, आवाज एसी-३ मध्ये, म्हणजे दाबून, दोन लाखांच्या आत. सासूबाईंनी मामांना ओळखलं, वर त्यांनी आहेर काय केला होता तेही सांगितलं.

आणि पैसे चुकते करण्याआधी कॅप्चर केलेल्या मूळ एव्हीआय (व्हिडिओच्या) फाइली मागा. तासाला सुमारे १३ जीबी होतात, म्हणजे चार कॅसेटना ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. तो एक्सफॅट या पद्धतीत (फॉरमॅट करताना पर्याय दिसतो) फॉरमॅट करून न्या, नाहीतर ४ जीबीच्या वरची फाइल त्यावर जात नाही आणि दुकानदाराला नाही म्हणायला आयतं कारण मिळतं.