लॅपटॉपच्या बेस (सगळ्यात स्वस्त) मॉडेलला ८ जीबी रॅम की १६ जीबी?

८ जीबीत काम चालतं हे खरंय, पण किती वर्षं चालेल ते बघा ना. विंडोज ११ कागदावर ४ जीबीत चालते, पण ब्राउझरचे पंधरा-वीस टॅब, एक व्हिडिओ कॉल आणि वर एक्सेल असं सगळं एकदम उघडलं की ८ जीबी भरत येते, मग सिस्टीम रॅममधला डेटा एसएसडीवर, म्हणजे स्टोरेजवर, हलवायला (स्वॅप करायला) लागते आणि एसएसडी कितीही फास्ट असली तरी रॅमपुढे स्लोच, त्यामुळे मशीन अडखळतं. १६ जीबीत हेच सगळं आरामात होतं. आणि मुख्य म्हणजे बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवताच येत नाही! ॲपलनेपण ऑक्टोबर २०२४ मध्ये मॅकबुक एअरची बेस रॅम ८ वरून १६ केली, सुरुवातीची किंमत तीच ठेवून. मग बाकीच्यांनी ८ वर का अडून बसावं?

टॅबलेटचं वेगळं आहे, तिथं मागची ॲप्स सिस्टीम स्वतःच थांबवते, म्हणून वाचन, व्हिडिओ, नोट्स यांना ८ जीबी भरपूर. फक्त मोठ्या कॅनव्हासवर ड्रॉइंग करणाऱ्यांनी जास्त घ्यावी, कारण प्रोक्रिएटसारख्या ॲपमध्ये किती लेयर मिळणार ते रॅमवरच ठरतं.