व्हायोलिन शिकणाऱ्यांसाठी क्लिप ट्यूनर: घ्यावा, पण मोकळ्या तारांपुरताच

कोल्हापुरात मुलाला व्हायोलिनच्या क्लासला घातलं की पालकांचा पहिला प्रश्न असतो, ट्यूनर, म्हणजे सूर बरोबर लागला का ते दाखवणारं छोटं यंत्र, घेऊ का? जरूर घ्या. वाद्याला चिमट्यासारखा लावायचा साधा क्रोमॅटिक (बाराही स्वर ओळखणारा) क्लिप ट्यूनर पुरतो. मोबाईलचं ॲप माइकवर ऐकतं, त्यामुळे पेठेतल्या एका खोलीत चार-पाच मुलं वाजवत असली की ते शेजाऱ्याचा सूर दाखवतं. क्लिप लाकडाची थरथर पकडते, तिला आजूबाजूचा गोंगाट बाधत नाही.

आधी ट्यूनरवरचा आकडा, म्हणजे ‘A’ या मूळ स्वराची दर सेकंदाची कंपनं, ४४० आहे ना, ते बघा. बटण चुकून दाबलं जाऊन ४४२ झालं, तर चारही तारा आपसात जुळतात, पण क्लासच्या पेटीशी जुळत नाहीत. पेटीच चढी असेल तर आकडा तिच्याप्रमाणे ठेवा. गज हलक्या हाताने, सरळ ओढा. दाबून ओढलात तर काटा नाचतो. सूर नेहमी खालून वर चढवत आणा आणि खुंटी फिरवताना ती आत दाबत राहा. आपल्याकडच्या पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, उन्हाळ्यात सैल पडून तार सोडतात. म्हणून लहान मुलांच्या वाद्याला चारही तारांवर फाइन ट्यूनर (तारेच्या खालच्या टोकाशी बसणारे, सूर बारीक बदलणारे स्क्रू) हवेतच. त्यांचा स्क्रू तळाला टेकला की आणखी पिळू नका, खालची पट्टी वाद्याचं लाकूड ओरबाडते. स्क्रू सैल करून खुंटीने तार चढवा, आणि घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती उभी लाकडी पट्टी) पुढे झुकली नाही ना, तेही पाहा.

खरी अडचण बोटं ठेवायला लागल्यावर येते. ट्यूनर सप्तकाचे १२ सारखे भाग करतो. तंबोऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गंधार ट्यूनरच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट उतरा असतो (या बारा भागांपैकी एकाचा शंभरावा हिस्सा म्हणजे एक सेंट). मूल कानाने गंधार बरोबर लावतं, काटा ‘कमी’ म्हणतो, आणि मूल बिचारं बोट वर सरकवतं. असा बिघडलेला गंधार दुरुस्त करायला फार वेळ जातो. तेव्हा तारा लागल्या की ट्यूनर काढून ठेवायचा आणि तंबोरा सुरू करायचा. मिरजेचाच हवा असं नाही, इलेक्ट्रॉनिकही चालतो.

वाद्य सा-प मध्ये लावलेलं असेल तर पंचमाच्या तारेवर तिसरं बोट ठेवा. षड्ज नेमका लागला की शेजारची सा ची मोकळी तार आपोआप थरथरते. बोट केसभर हललं तरी ती गप्प होते. मुलांना हे डोळ्यांनी दिसतं, म्हणून लवकर पटतं.

बोटं ठेवायच्या पट्टीवर खुणेची टेप लावायची असेल तर वरच्या नटपासून (खुंट्यांजवळ तारा जिच्यावर टेकतात ती छोटी कड) घोडीपर्यंतची लांबी मोजा. नटपासून तिच्या एक नवमांश अंतरावर पहिलं बोट, एक पंचमांश अंतरावर दुसरं, एक चतुर्थांश अंतरावर तिसरं. ३२.५ सेंमीच्या तारेवर ही अंतरं साधारण ३.६, ६.५ आणि ८.१ सेंमी येतात. तार दाबताना थोडी ताणली जाते, म्हणून टेप कानाने तपासूनच पक्की करा.

सूर लागला की रंग बदलणारा पडदा असलेला ट्यूनर निवडा. बारीक काटा सहा-सात वर्षांच्या मुलांना नीट वाचता येत नाही.