मूतिएपुढचे दोन पर्याय: बर्न की ज्युरा

स्वित्झर्लंडमधलं मूतिए हे छोटं फ्रेंचभाषक शहर 1815 पासून बर्न प्रांतात होतं. 1979 मध्ये शेजारी ज्युरा हा वेगळा प्रांत झाला, तरी मूतिए बर्नमध्येच राहिलं.

बर्नमध्ये जर्मनभाषकांची बहुसंख्या. तिथे फ्रेंच भागासाठी सात जणांच्या मंत्रिमंडळात एक आणि 160 जणांच्या विधिमंडळात 12 जागा राखीव. मोठ्या, सधन प्रांताचा आधार ही जमेची बाजू खरीच. ज्युरा लहान, पण कारभार फ्रेंचमध्ये, राजधानी देलेमों जवळ, आणि बराच काळ राहिलेल्या परदेशी नागरिकांनाही प्रांतीय मतदानाचा हक्क! मला हेच पारडं जड वाटतं. राखीव जागेपेक्षा आपल्या भाषेतलं सरकार मोठं.

मूतिएकरांनी 2017 मध्ये ज्युराच्या बाजूने दिलेला निसटता कौल रद्द झाला. 2021 च्या फेरमतदानात जवळपास 55 टक्के मतं ज्युराला मिळाली आणि 1 जानेवारी 2026 ही प्रवेशाची तारीख ठरली.