नोकरीची ऑफर आली, आणि माझ्याच लॅपटॉपमधून कंपनीची गुपितं गेली

लिंक्डइनवर मला एका बाईंचा मेसेज आला. विमान-उद्योगातल्या एका मोठ्या कंपनीच्या भरती विभागात असल्याचं त्यांनी सांगितलं. धातूवर उष्णतारोधक लेप चढवण्याच्या कामात माझी ११ वर्षं गेली आहेत. माझा एक जुना शोधनिबंध त्यांनी वाचला होता. नुसता चाळला नव्हता, त्यातल्या एका आलेखाबद्दल त्यांनी नेमका प्रश्न विचारला. ऑफिसात त्या कामाची एवढी दखल कुणी कधी घेतली नव्हती. मी तिथेच विरघळलो.

तीन आठवडे बोलणं चाललं. पैशाची मागणी नाही, ओटीपी नाही, फसवणुकीची म्हणून आपण जी लक्षणं ऐकून असतो त्यातलं एकही नाही. मग पद आणि पगाराचा तपशील म्हणून पासवर्ड लावलेली झिप फाइल आली. जेवणाच्या सुट्टीत ती मी ऑफिसच्याच लॅपटॉपवर उघडली. नावाच्या शेवटी पीडीएफ, चिन्हही पीडीएफचं. फक्त चिन्हाच्या खालच्या कोपऱ्यात एक बारीकसा वाकडा बाण होता. शॉर्टकटची, म्हणजे क्लिक केल्यावर दुसरंच काही चालू करू शकणाऱ्या फाइलची ती खूण. शॉर्टकटचं खरं एक्स्टेन्शन (फाइलचा प्रकार सांगणारी नावाच्या शेवटची अक्षरं) विंडोज दाखवतच नाही, हे मला फार उशिरा समजलं. क्लिक केल्यावर पगाराचा तक्ता अगदी नीट उघडला. पडद्यामागे दुसरंच काही सुरू झालं होतं.

दोन दिवसांनी बाईंचं प्रोफाइल गायब. शंका मला तेव्हाच आली होती. पण सांगणार कुणाला? 'मी दुसरीकडे नोकरी बघतोय आणि तीही ऑफिसच्या लॅपटॉपवर,' असं साहेबांना कोणत्या तोंडाने सांगायचं? घाबरून मी ती फाइल डिलीट केली आणि गप्प बसलो. आपण गप्प बसणार, हे या लोकांना पक्कं ठाऊक असतं. नोकरीचं आमिष ते म्हणूनच निवडतात.

सात महिन्यांनी बाहेर जाणारा डेटा कुणाच्या तरी लक्षात आला. तोवर भट्टीच्या तापमानाचे तक्ते गेले होते, फसलेल्या चाचण्यांच्या नोंदीही गेल्या होत्या. त्या नोंदींचं मला जास्त लागलं. काय करू नये हे शिकण्यात आमच्या टीमची वर्षं गेली होती, ती त्यांना आयती मिळाली.

पद्धत सरकारी पाठबळ असलेल्या टोळ्यांची आहे, असं तपास करणाऱ्यांनी सांगितलं. २०१९ च्या अखेरीस युरोप आणि मध्यपूर्वेतल्या विमान व संरक्षण कंपन्यांवर असाच हल्ला झाला होता. ईसेट या सुरक्षा कंपनीने २०२० मध्ये तो उघड केला. संशय उत्तर कोरियाशी जोडल्या जाणाऱ्या लाझारस गटावर होता. लिंक्डइनवरचा खोटा भरती अधिकारी, पासवर्डची फाइल, आत शॉर्टकट, काम झालं की प्रोफाइल बंद. वाचताना अंगावर काटा आला. चिनी लष्कराच्या ६१३९८ क्रमांकाच्या तुकडीच्या सायबर हेरगिरीवर मँडियंट या सुरक्षा कंपनीने २०१३ मध्ये अहवाल काढला होता. हे लोक एकदा आत शिरले की सरासरी ३५६ दिवस राहत, असं त्यात आहे.

वेळेवर कळलं तर काय होतं, तेही बघा. विमानांची इंजिनं बनवणाऱ्या जीई एव्हिएशन या अमेरिकी कंपनीच्या एका इंजिनिअरला २०१७ मध्ये व्याख्यानासाठी चीनला बोलावलं गेलं आणि पुढे त्याच्या लॅपटॉपमधल्या फायलींची यादी मागितली गेली. पण तोवर एफबीआयला ते कळलं होतं, कंपनी त्यांना साथ देत होती आणि तो इंजिनिअर एफबीआयच्या सांगण्यावरून बोलत होता. चिनी गुप्तहेर अधिकारी श्यू यानजुन २०१८ मध्ये बेल्जियममध्ये पकडला गेला. २०२२ मध्ये अमेरिकेत त्याला २० वर्षांची शिक्षा झाली.

म्हणून कळकळीने सांगतो, नोकरीचं काहीही ऑफिसच्या मशीनवर उघडू नका. समोरच्याने दिलेला नंबर सोडा, कंपनीच्या वेबसाइटवरून स्वतः नंबर काढून चौकशी करा. आणि क्लिक झालंच असेल तर नेट तोडा, फाइल आहे तशी राहू द्या आणि त्याच तासाला आयटीवाल्यांना सांगा. मी डिलीट केलेल्या त्या एका फाइलसाठी तपासात कितीतरी दिवस गेले.