सोशल वर्कर की सायकॉलॉजिस्ट: थेरपीसाठी कुणाकडे जावं?

मामा गेले आणि मामीची झोप उडाली. घरात दोन मतं पडली: सायकॉलॉजिस्ट गाठावा, की सरकारी रुग्णालयातल्या सोशल वर्करताईंना भेटावं? दुसऱ्या नावाला सगळ्यांनी नाक मुरडलं. "त्या फॉर्म भरून देतात ना?" हा गैरसमज फार पसरलाय, म्हणून हे लिहितेय.

शिक्षणात सोशल वर्कर कुठेही कमी नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात 'सायकियाट्रिक सोशल वर्कर' (म्हणजे मानसिक आजारांवर काम करणारा सोशल वर्कर) कोण हे स्पष्ट लिहिलंय: समाजकार्यात पदव्युत्तर पदवी आणि त्यावर दोन वर्षांचं पूर्णवेळ एमफिल, तेही देखरेखीखाली रुग्णांसोबत काम करत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचीही वाट साधारण अशीच, फक्त पाया मानसशास्त्राचा. गोळ्या दोघंही लिहून देत नाहीत. ते काम मानसोपचारतज्ज्ञाचं, म्हणजे सायकियाट्रिस्टचं.

खरा फरक बघण्यात आहे. सायकॉलॉजिस्ट मनातल्या विचारांची साखळी धरतो. पॅनिक, ओसीडी (नको ते विचार किंवा कृती पुन्हा पुन्हा होणं), कसलीतरी टोकाची भीती असेल, किंवा बुद्ध्यांक वा व्यक्तिमत्त्वाची चाचणी हवी असेल, तर त्याच्याकडेच जा. सोशल वर्कर माणसाला त्याच्या घरासकट, पैशासकट, नात्यांसकट बघतो. त्यातले अनेक जण बलस्थानांवर आधारलेली पद्धत वापरतात. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात १९८० च्या दशकात ती आकाराला आली, तीही गंभीर मानसिक आजार असलेल्या लोकांसोबत काम करताना. काय बिघडलंय याच्याइतकंच काय शाबूत आहे, हेही ती विचारते.

म्हणजे "पॉझिटिव्ह राहा" नव्हे. शेवटी मामीला आम्ही सोशल वर्करताईंकडे नेलं, तेव्हा तिच्यासोबत मी बसले होते. ताईंनी रडू दिलं, घाई केली नाही. मग विचारलं, "दिवसभरात कुठलं काम अजून जमतंय?" मामी म्हणाली, "भिशीची वही." वीस बायकांचा हिशेब, बारा वर्षं, एकदाही चूक नाही. "मग पेन्शनच्या कागदांचीही अशीच वही करूया. पुढच्या वेळी घेऊन या." झोप उडण्यामागे ते अडकलेले कागदही होते, हे आम्हा कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिसऱ्या भेटीला ताईंनी मामेभावालाही बोलावून घेतलं.

या पद्धतीची एक अडचणही सांगते. सोशल वर्करचा हात कच्चा असेल तर दुःखावर नुसतं कौतुकाचं पांघरूण पडतं. दोन-तीन भेटींत आपलं दुखणं नीट ऐकलंच जात नाहीये असं वाटलं, तर बदला.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट निवडताना त्यांची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेचा (आरसीआय) नोंदणी क्रमांक मागा. सोशल वर्करला एमफिल कुठून केलं, देखरेख कुणाची होती, हे सरळ विचारा. चांगला माणूस रागावत नाही. सरकारी रुग्णालयात खर्च जवळजवळ नाही, पण रांग असते. खासगीत वेळ लवकर मिळते, पैसे मात्र दर भेटीला मोजावे लागतात.

मरणाचे विचार येत असतील, नसलेले आवाज ऐकू येत असतील, तर ही तुलना बाजूला ठेवा. आधी मानसोपचारतज्ज्ञ. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, मराठीतही बोलता येतं.

मामीने पुढे झोपेसाठी सायकॉलॉजिस्टचीही मदत घेतली. ताईंकडे जाणं तिने सोडलं नाही. पेन्शनची वही तिच्या पिशवीत भिशीच्या वहीशेजारीच असते.